पहिला ढीग नापास

१२ जानेवारी, यवतमाळ
निकिताचा मुंबईहून फोन. मुलगा पाहिला आहे म्हणे. नाव जीवन, तिच्याच ऑफिसात. वडील हरेश्वरराव, कोळी, स्वतःच्या चार बोटी. म्हटलं, आपण जातपात पाहत नाही. (पाच मिनिटं पाहिली, मग सोडली.) त्यांनी जेवायला बोलावलं आहे. मोठं सीफूड रेस्टॉरंट, खिडकीतून बंदर दिसतं.
संकल्प: साखर बंद. पोट आत. मुलीचा बाप म्हणून वाकायचं नाही.

१४ जानेवारी
तिळगूळ खाल्ला. सणाची साखर धरत नाहीत.
मुंबईचा प्लॅन पक्का. चौतीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाचा ग्रेडर होतो. माझा एकच नियम, पहिला ढीग नापास. कापूस कितीही पांढरा असो, मूठ दाबायची, तोंड वाकडं करायचं, ओल आहे म्हणायचं आणि चहाला निघून जायचं. दोन तासांत गाडीवाला स्वतः मागे येतो. मुकुटबनचा शेतकरी उकंडा तर रडला होता. माल चांगला होता त्याचा. असो.
तिथेही आधी नाही म्हणायचं. ते नरमतील, मानपान नीट होईल, मग हो.
इंदूला सांगितलं. ती म्हणे, पोरीच्या लग्नात कायले ग्रेडिंग आणता? जीवन चांगला आहे, तिथे तुम्ही चुपचाप जेवा. तिला व्यवहार कळत नाही.

२३ जानेवारी
सराव म्हणून बाजारातून खेकडे आणले. नांगी अडकित्त्याने फोडली. रस नव्या शर्टावर. अडकित्ता खराब आहे.

२ फेब्रुवारी, मुंबई, संध्याकाळी ५
दुपार गाजवली!
खिडकीबाहेर जहाजंच जहाजं. हरेश्वररावांनी कौतुकाने दाखवली. म्हटलं, आमचं बेंबळा धरण याहून मोठं वाटतं. सुरुवात चांगली झाली.
वेटरने बर्फाच्या ट्रेमध्ये कच्चे मासे आणले, आपण निवडायचे. सगळे वा वा करत होते. मी बाह्या वर केल्या, पापलेटचा कल्ला उचलला. लालबुंद, म्हणजे ताजा. चेहरा हलू दिला नाही. शिळा, म्हटलं. दुसरा ट्रे आला. तोही शिळा. निकिता टेबलाखालून पाय मारत होती. वेटर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, साहेब, मासा यांच्याच बोटीवरचा आहे, आज पहाटेचा. हरेश्वरराव गप्प. म्हणजे नरमले.
हीच वेळ. जीवनचा हात धरून दाबला. म्हटलं, ओल आहे, हे लग्न जमणार नाही.
हरेश्वररावांनी एकदाच विचारलं, हा शेवटचा शब्द? म्हटलं, शेवटचा. ते म्हणाले, ठीक. धक्क्यावर लिलावात शब्द गेला की आम्ही तो फिरवत नाही, मासा उद्यापर्यंत थांबत नसतो.
मग तेच पापलेट तळून आले. मी तीन खाल्ले. इंदूने ताटाला हात लावला नाही. निकिता खिडकीपाशी उभी राहून डोळे पुसत होती. एसी फार होता.

१० फेब्रुवारी
त्यांचा फोन नाही. शेतकऱ्याला दोन तास लागतात, कोळ्याला आठवडा लागत असेल.

२५ फेब्रुवारी
फोन नाही. मी करणार नाही. कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं. येताना पेढे. मानपानाची यादी काढून ठेवली, ऐनवेळी धावपळ नको.
इंदू माझ्याशी बोलत नाही. घरात शांतता आहे, बरं वाटतं.

५ मार्च
इंदू मुंबईला गेली, तिचा भाऊ राजकुमार सोबत. निकिताला ताप आहे म्हणे. बॅगेत पैठणी ठेवताना पाहिली. तापात पैठणी! बायकांचं काही कळत नाही.

९ मार्च, सकाळी १०
ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून पार्सल आणलं. थर्माकोलचा डबा, बर्फात दोन पापलेट. वर हरेश्वररावांची चिठ्ठी, कालची तारीख. आपण नाही म्हणालात, तो शब्द आम्ही मानला, म्हणून आपल्याला तसदी दिली नाही. मुलगी आणि तिच्या आई हो म्हणाल्या. लग्न आज झालं, मामांनी कन्यादान केलं. मासा पहाटेचा आहे. तपासून घ्यावा.
ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. रडलो. बराच वेळ रडलो.
मग कल्ला उचलून पाहिला. लाल. पास, म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

दुपारी २
पापलेट कसं करतात माहीत नाही. इंदूला विचारलं तर तिला वाटेल मी नरमलो. तीच करेल फोन. फ्रीजमध्ये मासा ठेवायचा नाही हा तिचा नियम. तो मोडून उगाच बोलणी कशाला? डबा ओट्यावरच ठेवला. थांबतो.

संध्याकाळी ७
फोन नाही. बर्फाचं पाणी झालं. वास सुटला आहे.
शेजारच्या भीमराजने भिंतीवरून विचारलं, काकाजी, तुमच्या घरात काही मेलं काय?
म्हटलं, नाही बा. घरचे सगळे मुंबईले गेले.