शालनचे गुण आणि माईच्या मिरच्या

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
८ एप्रिल १९७४

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या सयाजीचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे डोळे चुरचुरतात आणि अप्पांच्या शिंका आवरत नाहीत, पण तो आजार नव्हे. घरात सध्या एकमेकांचे गुण सांगणं चालू आहे, त्याचा हा परिणाम. सविस्तर लिहितो.

पाडव्याला तू गडहिंग्लजहून आलीस, तेव्हा भर पंगतीत आमच्या शालनकडं बघून म्हणालीस, "ही पोरगी हट्टी हाय, हिचं काय खरं न्हाय." (पोळी मात्र तिच्याच हातून तीनदा वाढून घेतलीस.) तू गेलीस आणि पोरगी गप्प झाली. एरवी भांडल्याशिवाय वेणी घालून न घेणारी नऊ वर्षांची पोर मुकाट्यानं डोकं पुढं करू लागली. कालिंदीला आधी बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली. तेवढ्यात शाळेत पालकसभा झाली. (मी चहासाठी गेलो होतो, तुझ्याशी खोटं कशाला बोलू?) मोठ्या बाई म्हणाल्या, मुलांचे दोष सगळेच काढतात, तुम्ही रोज एक गुण शोधा आणि तोंडावर सांगा. घरी येऊन मी हुकूम सोडला की दिवेलागणीला शुभंकरोती झालं की प्रत्येकाचा एकेक गुण सांगायचा.

आपल्या घराण्याला या गोष्टीची सवय नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पहिल्या दिवशी अप्पांनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "खातंय बरं." छत्तीस वर्षांत त्यांनी केलेलं हे माझं पहिलंच कौतुक. मी कालिंदीच्या आमटीची तारीफ केली, तर ती म्हणाली, "आज काय फोडलासा?" पण खरी पंचाईत माईनं केली. तोंडावर कौतुक झालं की दृष्ट लागणारच, हे तिचं ठाम मत. त्यामुळं ज्याचा गुण निघेल त्याच्यावरून मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या ओवाळून लगेच चुलीत. पाच माणसं, पाच गुण, पाच वेळा धूर! तिसऱ्या दिवशी शेजारच्या चिमणाबाई आग लागली समजून पाण्याची बादली घेऊन धावत आल्या. माई म्हणाली, "बाई अडीनडीला धावून येती," आणि हा त्यांचा गुण ठरल्यामुळं त्यांचीही दृष्ट काढली. आता त्या येत नाहीत.

एवढं करून शालन मात्र कोरडीच. तिचं अक्षर चांगलं म्हटलं तर म्हणायची, "ते बाईंनी शिकवलंय. माज्यात काय न्हाय." 

गुरुवारी ती केरबाच्या गोठ्यावर दूध आणायला गेली ती परतलीच नाही. शाळेची वेळ झाली तसा मी तणतणत गेलो. बघतो तर पोर शेणात फतकल मारून बसलेली, मांडीवर दोन दिवसांचं रेडकू. "तोंडच लावत न्हाय वो, मी हात टेकलं," केरबा म्हणाला. शालन बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात घालत होती, ते थुंकत होतं, ती पुन्हा घालत होती. "ऊठ," मी म्हटलं. "हे पिल्याबगार मी उठणार न्हाय." मग काय, मीही बसलो. (कचेरीत पोटदुखी कळवली आहे.) अकराच्या सुमाराला रेडकानं बोट ओढलं, आणि थोड्या वेळानं आईच्या कासेलाही लागलं. केरबानं डोळे पुसले. म्हणाला, "सयाजीराव, पोरगी हट्टी हाय म्हणून जगलं बगा."

त्या संध्याकाळी मी सर्वांदेखत सांगितलं, शालन हट्टी आहे आणि तो तिचा गुण आहे. अप्पा म्हणाले, "माज्यावर गेलीया." माईनं मूठभर मिरच्या चुलीत टाकल्या. त्या ठसक्यात पोरगी पाडव्यानंतर पहिल्यांदा हसली. अक्का, मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांतलं पाणी मी धुरावर ढकललं.

तेव्हा इकडची काळजी नसावी, सगळं मार्गी लागलं आहे. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सयाजी

ता. क. सगळं मार्गी लागलं असं वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. शालनच्या नावानं एक कार्ड टाकशील का? दोन ओळी पुरेत. कौतुक करायला जीभ जड होत असेल (आपल्या सगळ्यांचीच होते), तर हात तरी चालव.

पुन्हा ता. क. कार्ड तुझंच का हवं, ते सांगायचं राहिलं. काल घरात नसलेल्या माणसाचा गुण सांगायचा होता. शालननं आपणहून तुझं नाव घेतलं. माई मिरच्यांची मूठ तशीच धरून थांबली. ती म्हणाली, "आत्या कदी खोटं बोलत न्हाय."