दह्यातली गोळी

सुगतदादा,
जय भीम.

तू आईला म्हणायचास, "दह्यात कायतरी कालवायलीस तू." डॉक्टरांनी ते स्किझोफ्रेनियाचं लक्षण म्हणून लिहून घेतलं, तेव्हा मी शेजारीच गप्प बसले होते. गोळ्या तू थुंकायचास, म्हणून त्या कुटून दुधात घालून दही लावायचं मीच आईला शिकवलं होतं.

आता मी काम करते त्या प्रयोगशाळेत आपल्याच घरचं विरजण तपासलं. दही लागेपर्यंत त्यातले जिवाणू ते औषध पार मोडून टाकतात. म्हणजे तुझ्या पोटात औषध गेलंच नाही, नुसती आमची लबाडी गेली.

तुला घर सोडून तीन वर्षं झाली. हे पत्र कुठं पाठवू? जिंतूरला आई अजून रोज दही लावते. "सुगत आला की आधी मी खाऊन दाखवीन," म्हणते.

रोहिणी