डेटाबेस माझ्या लॅपटॉपवरून लागत होता

आई, आज ऑफिसात तुझं एक वाक्य वापरलं आणि काम झालं. बाकी सांगण्यासारखं फार काही नाही, तरी लिहायला बसलेय. पार्किंग लॉटमध्ये गाडीत एसी लावून बसलेय, कारण बाहेर या शुगर लँड गावचं ऊन आहे आणि घरी गेले की मी काही लिहिणार नाही, झोपेन. मराठीत लिहितेय. इंग्लिशमध्ये तुझ्याशी मी फक्त भांडायचे.

मी आता दातांच्या दवाखान्यांच्या एका कंपनीत आयटी सपोर्ट करते. कॉन्ट्रॅक्टवर. कॉलेज पहिल्याच वर्षी सोडलं, हे तुला माहीत नाही, तू त्याच्या आधीच गेलीस. मग ओहायोत डब्लिनला एका गोदामात होते, मग कुणाबरोबर तरी गाडीतून पश्चिमेकडे फिरले, मग इथे. बाबा अल्फारेटाहून दर रविवारी फोन करून विचारतात, "काय ठरवलंयस?" मी म्हणते, "बघू." पण या वेळी खरंच राहावंसं वाटतंय. कारण विचारू नकोस. गादी विकत घेतलीय, खरीखुरी, हवा भरायची नाही. मॅनेजर म्हणाला होता, महिनाअखेरीस बघू तुला ठेवायचं की नाही. आणि महिनाअखेर आलीच होती.

तर शनिवारी पेशंटच्या नोंदींचा डेटाबेस नव्या मशीनवर हलवला. ते काम नागपूरच्या काकांचं. ते आमचे डेटाबेसवाले, घरून काम करतात, आणि मी एकदा सगळ्यांच्या कॉलवर त्यांना चुकून "काका" म्हटलं तेव्हापासून मॅनेजरही त्यांना "काका"च म्हणतो, त्याला वाटतं ते त्यांचं नाव आहे. शनिवारी आम्ही सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून तपासलं. कनेक्शन लागत होतं. काका म्हणाले, "झालं ना? चला, आता मी जेवतो." आणि आज सकाळी दवाखाने उघडले तर अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर सुरूच होईना. डेटाबेसशी कनेक्शन होत नाही, एवढीच एक ओळ स्क्रीनवर. आमच्या खालच्याच मजल्यावर एक दवाखाना आहे, तिथे मोठी काचेची टाकी आहे माशांची, त्यातला एक पिवळा मासा कायम कोपऱ्यात तोंड करून असतो, मला तो आवडतो. असो. तिथे एक बाई गाल धरून बसली होती आणि काउंटरवरच्या मुलीला तिची फाइलच उघडता येत नव्हती, म्हणून डॉक्टर हात लावायला तयार नव्हता.

कॉलवर सगळे. काका म्हणाले, "अगं पोरी, माझा डेटाबेस एकदम टकाटक आहे. मी आत्ता क्वेरी मारून पाहिली." मी माझ्या लॅपटॉपवरून पाहिलं आणि मीही म्हणाले, लागतोय. मॅनेजर म्हणाला, "डेटाबेस ठीक, तू ठीक, काका ठीक. मग खालची खुर्ची रिकामी का आहे?" मग थोडं थांबून, "शुक्रवारी ॲप्लिकेशन सर्व्हरवर अपडेट कुणी टाकले होते?" मी टाकले होते. दवाखान्यांचं सॉफ्टवेअर त्याच मशीनवरून चालतं. मला वाटलं, गेलं हे पण. वाटलं म्हणजे, समजलं. घाबरले वगैरे नाही. मनात पहिला विचार आला की गादी गाडीत मावणार नाही.

आणि तेव्हा अल्फारेटाच्या अपार्टमेंटमधली ती कपड्यांची मशिनं ठेवायची बोळकांडी आठवली. तिथे ड्रायरशेजारी तुझं ऑफिस. रविवार आहे, तू हेडसेट लावून पुण्याच्या टीमशी बोलतेयस, मला तव्यावरच्या थालीपीठाकडे बघायला सांगितलंयस आणि मी अर्थातच खोलीत आहे. तुझं वायफाय तुटतं. तू ओरडतेस. मी आतूनच ओरडते, "इट्स वर्किंग, मॉम!" तू दारात येतेस, रागावलेली नाहीस, थकलेली आहेस. "तुझ्या खोलीत चालतंय गं. मी तुझ्या खोलीत नाहीये." मग मला दंडाला धरून नेऊन ड्रायरवर बसवतेस, मांडीवर लॅपटॉप देतेस. "आता इथून बघ." ड्रायर चालू असतो, मी बुडापासून डोक्यापर्यंत थरथरत असते, आणि वायफायचा पत्ता नसतो. तू हेडसेटमध्ये पुण्याच्या त्या मुलालाही तेच सांगतेस, "तुझ्या डेस्कवरून लागतंय हे मला नको सांगूस रे. ज्या मशीनला लागत नाही तिच्यावर जा आणि तिथून हाक मार. नाही म्हणाली तर घरात कुणीतरी आहे. काहीच बोलली नाही तर मधे कुणीतरी दार अडवलंय." थालीपीठ जळलं होतं. काळा भाग खरवडून टाकून तू ते खाल्लंस.

मी ॲप्लिकेशन सर्व्हरवर लॉगिन केलं. तिथून नव्या मशीनला पिंग केलं, म्हणजे जागी आहेस का विचारलं, उत्तर आलं. मग डेटाबेसच्या पोर्टवर, म्हणजे त्याच्या दारावर, हाक मारली. नकार नाही, काही नाही. नुसतं थांबून राहिलं, आणि शेवटी वेळ संपली म्हणून सुटलं. मी कॉलवर म्हणाले, "काका, नव्या मशीनच्या फायरवॉलमध्ये कुणाकुणाला आत सोडलंय?"

"सगळ्यांना. ऑफिसचे सगळे लॅपटॉप."

"आणि ॲप सर्व्हर?"

त्यांच्याकडच्या कुकरची शिट्टी आणि कीबोर्डची खटखट ऐकू आली. मग काका म्हणाले, "अरे देवा. ज्याच्यासाठी लग्न ठरवलं, तो नवरदेवच मांडवाबाहेर राहिला की!"

त्यांनी ॲप सर्व्हरचा पत्ता घातला आणि पुढच्याच प्रयत्नाला लागलं. अपडेटचा काही संबंध नव्हता. खाली गेले तेव्हा गाल धरलेली बाई आत गेली होती. काकांनी वेगळा फोन करून सांगितलं, "चूक माझी, मी मॅनेजरला तसं बोललोय. तू डोकं चांगलं चालवलंस, बेटा." मी थँक्यू म्हणाले. आनंद व्हायला हवा होता. तू गेलीस त्या दिवशी सगळ्या काकू अल्युमिनियमच्या ट्रेमधून खिचडी घेऊन आल्या होत्या आणि मी मायक्रोवेव्हसमोर उभी राहून आतली बशी फिरताना बघत होते, तसंच काहीतरी आज होतं. कुठे दुखत नाही, कुठे बरंही वाटत नाही. तेव्हा मला वाटायचं नंतर येईल. अजून आलेलं नाही. आता मी वाट बघत नाही फारशी.

दुपारी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, तुला पर्मनंट करतोय, राहशील ना? मी हो म्हणाले, विचार न करता. बाबांना रविवारी सांगेन, की आजच सांगू, बघते.

मग त्याने विचारलं, हे कुठे शिकलीस, कॉलेजात? मी म्हटलं नाही. मग कुणी शिकवलं?

मी म्हणाले, यूट्यूब.

तुझं नाव घेतलं असतं तर त्याने पुढे विचारलं असतं, अरे वा, आई कुठे असते तुझी? आणि मग त्याचा चेहरा पडला असता, आणि त्याला बरं वाटावं म्हणून मलाच काहीतरी बोलावं लागलं असतं. कंटाळा आलाय मला त्या सगळ्याचा. एवढंच होतं, आई.