बाबांच्या गाण्याआधी

खामगाव, जानेवारी १९६३

माय, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

महिनाभर हे पत्र टाळत होतो, रागावू नको. तब्येत बरी आहे, दोन्ही वेळ जेवतो. इथं कापसाच्या बैलबंड्यांची रांग एवढी लांब, की बैल उभ्याउभ्या झोपतात. धाकट्या अन्नपूर्णाचा खोकला गेला का?

ज्यांचं नाव कोणी घेत नाही, अशा माणसांवर आमचं कलापथक गाणी करतं. मी बाबांवर केलं. विहीर ढासळताना त्यांनी सोबतच्या गड्याला दोर बांधून वर पाठवलं आणि स्वतः खालीच राहिले, त्यावर. पण हिंमतराव शाहीर म्हणतात, "घरच्यायनं हो म्हटल्याबिगर गायचं नाही बे." बाबांचं नाव निघालं की तू तोंड फिरवून चूल फुंकत बसतेस, म्हणून विचारवत नव्हतं. गाऊ का?

थांब, दारात कोणी आलं.

माय, पंजाबराव आहेत. तोच गडी. गाण्याची खबर लागली म्हणून संग्रामपूरहून आले. म्हणतात, "गाणं राहू दे. तुह्या मायच्या सामने उभं राह्याची हिंमत आजवर झाली नाही. मले घरी नेशीन का?"

गाण्याचं मागून सांग. यांना आणू का, ते आधी कळव.

तुझाच,
सहदेव