घाटाआधीचे ब्रेक

कोचकोर, १२ मे २००३

ति. मेदेरदादास,
बुरुलचा सलाम. इकडे सर्व ठीक. तुझ्या पायाची काय खबर? लग्नात घोड्यावरून पडलास ते पडलास, वर सगळा दोष त्या बिचाऱ्यावर ढकलून बिश्केकच्या इस्पितळात जाऊन झोपलास. घोडा मजेत आहे.

पत्राचं कारण वेगळंच. आपल्या ट्रकचा ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून करकर आवाज येतो. फटीतून बॅटरी मारून पाहिलं, पॅड संपत आलेत. हिवाळ्यातच बदलणार होतास ना? जूनच्या सुरुवातीला सोन-कोल तळ्याकाठच्या कुरणावर निघायचं. मेंढरं गुराख्यांबरोबर चालत जातील, पण तंबू, चूल आणि आई ट्रकमधूनच न्यायला हवीत.

त्यात आई म्हणते, मी येतच नाही. काल कारण विचारलं, तर चहा ओतता ओतता म्हणाली, "मागे घाटात ब्रेक गेले तेव्हा तुझ्या बाबांनी गाडी डोंगरावर घातली म्हणून आम्ही वाचलो. आता ते नाहीत. दुसऱ्यांदा कोण वाचवेल?" सहा उन्हाळे ती एकटी गावात बसते आहे. यंदा तिला नेणारच. पॅड मीच बदलते. कसे ते लिही.

पाय लवकर सांध, आणि माझ्यावर आहे तेवढी माया असू दे.
तुझी,
बुरुल

बिश्केक, १७ मे

चि. बुरुलला अनेक आशीर्वाद.
हे काम तुझं नव्हे, मी येईपर्यंत थांब, असं एक पत्र लिहून झालं होतं. ते शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने डोकावून वाचलं आणि विचारलं, तुझं हाड कोणी बसवलं? मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी. तो नुसता हसला. ते पत्र फाडलं.

नवे पॅड बसवाल्या कुबानबरोबर पाठवले आहेत. ट्रक सपाट जागी लाव, हँडब्रेक ओढ, मागच्या चाकांना दगड लाव. चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट सैल कर, मग जॅक लाव. नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली जाड ओंडका घाल. चाक काढलंस की चकतीला दोन्हीकडून धरणारा कॅलिपर दिसेल. तो सोडवल्यावर रबरी नळीवर लोंबकळू देऊ नकोस, तारेने वर बांध. ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण उघड, आणि शिकंजा लावून कॅलिपरमधला दट्ट्या हळूहळू मागे दाब, म्हणजे जाड पॅड मावतील. पॅडला ग्रीसचा हात लावू नकोस. एका वेळी एकच चाक उघड. अडलीस तर दुसऱ्यात बघायला मिळेल.

पॅडचं मी टाळलं, ही चूक माझीच. आईला हे सांगितलंस तरी चालेल.
लोभ असू दे, राग मात्र माझा पाय बरा होईपर्यंत राखून ठेव.
तुझा दादा,
मेदेर

सोन-कोल, ८ जून

ति. दादास सलाम.
सगळं लिहिलंस, एक सोडून. पॅड बसले, चाकं चढली, मी ऐटीत ट्रक सुरू केला. अंगणाच्या टोकाला ब्रेक दाबला तर पायडल थेट तळाला! ट्रक शांतपणे इसाककाकांच्या गोवऱ्यांच्या राशीत जाऊन थांबला. काका बाहेर आले, राशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, गोवऱ्या हव्या होत्या तर मागायच्या. निघण्याआधी पायडल चार-पाचदा दाबून घट्ट करून घ्यायचं असतं, हे त्यांच्याकडून कळलं.

मला वाटलं, संपलं, आता आई जन्मात बसणार नाही. ती सकाळपासून स्टुलावर बसून पाहत होती. उठली, जुना पॅड उचलला, अंगठा फिरवला. कागदासारखा झाला होता. मी पायडल दाबून दाबून घट्ट केलं, तर म्हणाली, सरक, मला बघू दे. आणि दादा, ती चढली. सहा वर्षांनी. पायडलवर पाय ठेवून कितीतरी वेळ बसली. पुढचे दोन दिवस मी गल्लीत ट्रक पळवायचे, थांबवायचे. ती दारात उभी राहून ऐकायची.

करकर गेली. घाट उतरताना आई शेजारीच होती, मांडीवर दह्याचं पातेलं. मी जीव मुठीत धरून वळणं घेत होते आणि ही चक्क झोपली! पायथ्याशी हलवून उठवावी लागली.

दोन्ही पायांवर चालत ये. वाट पाहते आहे.
बुरुल

सोन-कोल, ९ जून

चि. मेदेरला आईचे अनेक आशीर्वाद.
बुरुलने तुला लिहिलं असेल. मी झोपले नव्हते. माझ्या तोंडाकडे पाहून पोरीचा धीर सुटला असता, म्हणून डोळे मिटून घेतले आणि वळणं मोजत राहिले. जिथे तुझ्या बाबांनी गाडी डोंगरावर घातली, तिथे तिने ब्रेक इतका अलगद दाबला की मांडीवरचं दही हललं नाही. तेव्हा मी डोळे उघडले. तळं दिसलं. ती रस्त्याकडे पाहत होती, तिला कळलं नाही. मी पुन्हा मिटून घेतले, कारण रडू येत होतं.

यातलं तिला काही सांगू नकोस. परतताना डोळे उघडे ठेवून बसणार आहे, तेव्हा तिचं तिला कळेल.

पायाला जप. माझा जीव तुझ्यात आहेच.
तुझी आई,
उमसुनाय