मुंडक्याचं तोंड कुणाकडे

कराक, शनिवार

आदरणीय हायिलदादा यांस,

मुफलिहचा आदरपूर्वक सलाम. इर्बिदची थंडी तुमच्या गुडघ्यांना सोसते का, ते कळवा. आम्ही अल्लाहच्या कृपेने बरे आहोत. तुमच्या मातोश्री, म्हणजे माझ्या सासूबाई, ठणठणीत आहेत (किती, ते पुढे येईलच). तुमची बहीण फिद्दा सलाम सांगते. तुमची धाकटी बहीण आणि तिचा नवरा नवाफ हेही बरे आहेत. माझा साडू तर जरा जास्तच बरा आहे.

तुमच्या चिरंजीव राकानसाठी मुलगी मागायला वडीलधारी मंडळी जाणार, आणि मुलीकडची कॉफी होकार मिळेपर्यंत न पिता खाली ठेवून मागणीचे शब्द कोणी बोलायचे, मी की नवाफ, हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही असं कानावर आलं. त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे.

काल जुम्म्याच्या नमाजानंतर नवाफने आम्हा सगळ्यांना किल्ल्याच्या चढावरच्या नव्या खाणावळीत मनसफ खायला नेलं. कारण काय विचारलं तर नुसता हसला. (त्याचे दात अजून सगळे शाबूत आहेत, आणि ते तो लपवत नाही.) खाणावळ साधी. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर कुणाच्या तरी आजोबांचा घोड्यावरचा फोटो, आणि मनसफला चमचे. मी चमचा दूर सारला, डावा हात पाठीमागे घेतला आणि उजव्या हाताने खायला सज्ज झालो. नवाफनेही तसंच केलं, पण माझं बघून.

त्याआधीची गोष्ट सांगायची राहिली. आत शिरताच नवाफ स्वतः पंख्याखालच्या, दाराकडे तोंड असलेल्या खुर्चीत बसला आणि मला समोरची दाखवली. मी त्याच्यापेक्षा सात महिन्यांनी मोठा. तरी वाद नको म्हणून बोललो नाही. तो हात धुवायला गेला तेव्हा फक्त उठून त्याच्या खुर्चीत बसलो. परत आला, मला तिथे पाहून थबकला, काही बोलायला तोंड उघडलं आणि मुकाट्याने माझ्या जागी बसला. मला त्याची दया आली. फार वेळ नाही.

कारण तेवढ्यात परात आली. पातळ रोट्या, त्यावर भात, मांस, तळलेले बदाम आणि मधोमध बकऱ्याचं मुंडकं. वाढप्याने परात ठेवली ती मुंडक्याचं तोंड सरळ नवाफकडे करून. ते तोंड मानाच्या पाहुण्याकडे असतं, हे तुम्हाला मी काय सांगावं. पन्नाशीला आलो, पुष्कळ मुंडकी पाहिली. पण माझ्या साडूकडे इतक्या मायेने बघणारं हे पहिलंच. मी कांदा घ्यायच्या निमित्ताने परात चार बोटं माझ्याकडे वळवली. नेमका त्याच वेळी नवाफनेही पलीकडून परातीला हात घातला. परात गर्रकन फिरली, मुंडकं मला ओलांडून सासूबाईंपुढे जाऊन थांबलं आणि ताकाच्या रश्श्याचं भांडं माझ्या झग्यावर आलं. (रस्सा पातळ होता. निदान झग्यावर तरी तसाच लागला.)

सासूबाईंनी शांतपणे बाही सावरली, मुंडक्याची जीभ काढली आणि नवाफच्या पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, “घे बाबा, तुला लागेल. मुफलिहला स्वतःचीच पुरून उरते.”

सगळे हसले, खाणावळीचा मालकसुद्धा. मी अल्हम्दुलिल्लाह म्हणून भात खाल्ला.

दादा, मी मत्सरी माणूस नाही. संध्याकाळच्या नमाजानंतर मन दोनदा तपासलं. पहिल्यांदा थोडा मत्सर सापडला. दुसऱ्यांदा मी फार खोल बघितलं नाही.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
मुफलिह

ता. क. १ : विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. राकानच्या मागणीचे शब्द मी बोलावेत. दोन महिने रोज सकाळी सराव करतो आहे. फिद्दा कॉफी देते, मी पेला खाली ठेवून भाषण करतो. भाषण संपेतो कॉफी थंड होते आणि ती पुन्हा गरम करून द्यायला फिद्दा तयार नसते.

ता. क. २ : फिद्दाने आत्ताच पत्र वाचलं. ती म्हणते, नवाफने आधीच जाऊन वाढप्याला बजावलं होतं, की मुंडकं पंख्याखालच्या खुर्चीच्या समोरच्या खुर्चीकडे तोंड करून ठेव. म्हणजे त्याने मला दाखवलेल्या. गुरुवारी म्हणे त्याने तुम्हाला फोन करून सांगितलं, की मुफलिहलाच बोलू द्या, त्याला शब्द सुचतात. तेच जेवताना सांगणार होता, पण रश्श्यात राहून गेलं. मी विचारलं, मग परातीला हात कशाला घातला? तर म्हणाली, “अहो, तो तुमच्याकडेच वळवत होता. दोघांनी मिळून वळवलीत.” पत्र फाडणार होतो, पण चांगले तीन कागद भरले आहेत.

ता. क. ३ : दादा, मुंडक्याचं दुःख एका जेवणापुरतं होतं. हे मात्र जन्मभर पुरेल. मान मिळाला, पण नवाफच्या हातून, आणि वर मोठ्या मनाचाही तोच ठरला. तेव्हा एवढी कृपा करा. उलट टपाली कळवा की मी बोलायचं हे तुम्ही आपणहून ठरवलं होतं, आणि तेही बुधवारीच.