आयतं गरम पाणी

मंगळवार, तारीख बारा

धाकटे,

आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, तुम्हीही असाल. झाली विचारपूस. आता ऐक, तू येऊ नकोस.

अकरा वर्षं टोमणे मारतेस, ताईनं बेटावर एकदाही बोलावलं नाही म्हणून. गेल्या महिन्यात मीच लिहिलं, ये, काळी वाळू बघ, समुद्रातून सरळ वर गेलेला कडा बघ. लिहिलं ते लिहिलं. आता नको. लॉजच्या खोल्या भरल्यात. वाळूनं पाय भाजतात. तुझ्या भाऊजींचा गुडघा धरलाय, कडा दाखवायला होडी कोण वल्हवणार?

यातलं काही खोटं नाही. पण कारण ते नाही.

लॉजच्या चादरी मी मागच्या विहिरीवर धुते, तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात पाणी कोमट झालं. मी मूर्ख, खूश झाले. डाग पटकन निघतात, सरपण वाचतं. कुणाला बोलले नाही, उगाच दहा जणी बादल्या घेऊन आल्या असत्या. त्याच आठवड्यात तुला ये म्हणून लिहिलं. आता बादलीत हात ठेववत नाही. धुतलेल्या चादरींना नासक्या अंड्याचा वास येतो. कड्यावरच्या पक्ष्यांच्या कलकलाटानं दुपारी डोळा लागायचा नाही. ते गेले. सगळे. आता तरी झोप लागावी, तर तीही नाही.

मालकाला सांगितलं. त्यानं दारावर पाटी लावली, 'डोंगराच्या पोटातलं गरम पाणी'. पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढतात.

तुझे भाऊजी म्हणाले, "डोंगर माझ्या आज्यापासून धूर सोडतोय. आंघोळीला आयतं पाणी मिळतंय तर तुझ्या पोटात का दुखतं?"

मी म्हटलं, "माझ्या नाही, डोंगराच्या दुखतंय."

ते हसले. हा माणूस हलायचा नाही. आणि त्याला टाकून यायचं मला जमत नाही. शिव्या दे हव्या तर.

बोट आठवड्यातून एकदाच. तू जिनं येणार होतीस तीच उद्या इथून निघते, परवा तिकडून परतते. पोस्टाच्या भरवशावर राहिले असते तर तू येऊन धडकली असतीस, म्हणून चिठ्ठी पोरीच्या हातात दिलीय. तिला एवढंच सांगितलं, धक्क्यावरून मावशीला घेऊन ये. तिच्या बापालाही तेवढंच. पिशवी भरताना विचारत होती, "आई, दोन दिवसांसाठी स्वेटर कशाला?" मी म्हटलं, मावशीकडे गार असतं. शाळेचा दाखला तळाशी आहे, माझ्या साडीत गुंडाळलेला. तिनं अजून बघितला नाही.

रडेल. तुझ्यावर चिडेल. चिडू दे, पण बोटीत पाय ठेवू देऊ नकोस. केस तूच विंचरत जा, ती नुसता गुंता करते.

चादरी वाळल्या असतील, काढायला जाते.

मागून माझं पत्र आलं, पाठव म्हणून, तरी पाठवू नकोस. विहीर गार झाली की मीच न्यायला येईन.

तुझी
ताई